नसबंदी झाली, पण पुरावा काय? पाळीव कुत्र्याचं ऑपरेशन, कागद, चिप आणि तपासण्या

कुत्रं दत्तक देण्याच्या जाहिरातीत शेवटची ओळ बहुधा ठरलेली असते : "लसीकरण व नसबंदी झालेली." लसींचं पुस्तक कुत्र्यासोबत घरी येतं. नसबंदीचा कागद मात्र फार थोड्यांच्या हाती पडतो. कुणी मागत नाही, म्हणून कुणी देतही नाही. मग दोन-तीन वर्षांनी परवान्याच्या अर्जात तो रकाना समोर येतो, किंवा गावाला जाताना बोर्डिंगवाला विचारतो, किंवा कुत्री अचानक आजारी पडते आणि डॉक्टर विचारतात. घरातलं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही.

हा प्रश्न सध्या जास्त ऐकू येतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आधी एक कडक आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची, रेबीजची बाधा वा शंका असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्याचं पुढे काय होणार, हे नसबंदी झाली आहे की नाही यावर येऊन ठेपलं. पाळीव कुत्र्यांपर्यंत ही गोष्ट त्याआधीच पोचली होती. प्राणी जन्मदर नियंत्रण नियम, २०२३ मध्ये पाळीव प्राण्याचं जंतनिर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या कुत्र्यांबद्दल परिपत्रक काढलं, तेव्हा आधीपासून घरात असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करून घ्या, असं त्यात म्हटलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द केलं, पण तेवढ्या दिवसांत रॉटवायलर आणि पिटबुल पाळणाऱ्या कितीतरी घरांत जुन्या फायली उलगडल्या गेल्या.

ऑपरेशन झालेलं असणं आणि ते दाखवता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इथे दुसरीबद्दल बोलायचं आहे.

## आधी शब्दाचा घोळ

माणसांमध्ये "नसबंदी" म्हणजे नळी बांधणं किंवा कापणं. अवयव जागेवर राहतात, संप्रेरकं म्हणजे हार्मोन्स पूर्वीसारखीच चालू राहतात, फक्त मूल होत नाही. कुत्र्यांच्या बाबतीत आपण शब्द तोच वापरतो, पण ऑपरेशन वेगळं असतं. नराचे दोन्ही वृषण पूर्ण काढतात. मादीची दोन्ही अंडाशयं काढतात आणि आपल्याकडे बहुतेक डॉक्टर त्यासोबत गर्भाशयही काढतात. सरकारी कागदांत याला "निर्बीजीकरण" म्हणतात आणि तो शब्द जास्त नेमका आहे. दवाखान्यात मादीसाठी "स्पे" आणि नरासाठी "न्यूटर" किंवा "कॅस्ट्रेशन" हे शब्द ऐकू येतात.

हा फरक भाषेपुरता नाही. कुत्र्याचीही माणसासारखी फक्त नळी कापता येते आणि काही ठिकाणी तशी ऑपरेशनं होतात. मादीचं फक्त गर्भाशय काढून अंडाशयं ठेवण्याचीही पद्धत आहे. अशी मादी विणार नाही, पण माजावर येत राहील, नर तिच्या मागे लागत राहतील. काही देशांत नरासाठी कातडीखाली बसवायचं डेस्लोरेलिनचं इम्प्लांट मिळतं. त्याने वृषण काही महिने लहान होतात, औषध संपलं की पुन्हा पूर्ववत. म्हणून कागदावर नुसतं "नसबंदी केली" किंवा "स्टरिलाइज्ड" लिहिलेलं असेल तर अर्धीच माहिती मिळते. कोणते अवयव काढले, हे लिहिलेलं हवं.

## पुरावा तीन प्रश्नांची उत्तरं देतो

ऑपरेशन झालं का? ते याच कुत्र्याचं झालं का? आणि ते पूर्ण झालं का?

बहुतेक कागद पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. दुसऱ्यावर येऊन अडकतात. जुनी गाडी विकत घेताना आपण आरसी बुकावर फक्त "पांढरी मारुती" वाचून पैसे देत नाही, बॉनेट उघडून चेसिस नंबर ताडून बघतो. पांढऱ्या मारुत्या हजारो आहेत. तसेच "ब्रूनो, लॅब्राडोर, नर, सोनेरी" या वर्णनात बसणारे कुत्रे एका पुण्यातच किती निघतील याचा हिशेब नाही. देशी कुत्र्यांचं आणखी अवघड : "तपकिरी, मध्यम बांधा" यात अर्धी गल्ली येते. कागद आणि कुत्रं यांना एकमेकांशी बांधणारी गाठ हवी, आणि ती गाठ म्हणजे मायक्रोचिप.

## चिप काय करते, काय करत नाही

तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, जाड सुईने बसवतात. भूल द्यावी लागत नाही. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि १५ आकडी नंबर सांगते. एवढंच. ती कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही. हरवलेलं कुत्रं चिपमुळे मोबाईलवर दिसतं, हा पसरलेला गैरसमज आहे. नसबंदीची नोंदही चिपच्या आत नसते. चिपमध्ये फक्त नंबर असतो. त्या नंबरासमोर कुणीतरी, कागदावर किंवा संगणकात, "ऑपरेशन झालं" असं लिहावं लागतं.

चिप घेताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे ना, हे विचारा. परदेशी जायची वेळ आली तर तिथले स्कॅनर याच प्रकारच्या चिप वाचतात. पाकिटात बारकोडचे छोटे स्टिकर असतात, ते फेकू देऊ नका. एक लसीच्या पुस्तकात, एक दवाखान्याच्या केसपेपरवर आणि एक नसबंदीच्या प्रमाणपत्रावर चिकटवायला सांगा. हाताने १५ आकडे उतरवताना एखादा आकडा इकडचा तिकडे होतो आणि मग प्रमाणपत्र खरं असूनही कुत्र्याशी जुळत नाही. हे फार वेळा घडतं आणि एका स्टिकरने टळतं.

चिप कधीकधी सरकते. खांद्यावरून निघून पुढच्या पायाच्या वरच्या भागात किंवा छातीच्या बाजूला जाते. म्हणून "चिप नाही" म्हणण्याआधी स्कॅनर पाठीवरून, दोन्ही खांद्यांवरून आणि छातीच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवायला हवा. घाईत एकदाच मानेवर लावून "काही दिसत नाही" म्हणणं पुरेसं नाही.

## चांगल्या प्रमाणपत्रात काय असतं

मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता. कुत्र्याचं नाव, लिंग, जात किंवा "देशी", वय किंवा अंदाजे वय, रंग आणि एखादी ठळक खूण : छातीवरचा पांढरा पट्टा, शेपटीचं टोक, डाव्या मागच्या पायाचं नख. चिपचा नंबर. ऑपरेशनची तारीख, म्हणजे प्रमाणपत्र लिहिल्याची नव्हे, प्रत्यक्ष ऑपरेशनची. काय काढलं त्याचं वाक्य. दवाखान्याचा पत्ता आणि शिक्का. डॉक्टरांचं नाव, सही आणि नोंदणी क्रमांक.

शेवटच्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत, आणि कायद्याच्या दृष्टीने वजन तिलाच आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. कंपाउंडर, संस्थेचा स्वयंसेवक, पेट शॉपचा मालक किंवा पैदास करणारा माणूस यांच्या सहीचा कागद हा पुरावा नव्हे, मग त्यांचा हेतू कितीही चांगला असो.

काढलेल्या अवयवांचं वाक्य साधारण असं हवं : "दिनांक अमुक रोजी, मायक्रोचिप क्रमांक अमुक असलेल्या, राणी नावाच्या मादी श्वानाची दोन्ही अंडाशये व गर्भाशय शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढण्यात आले." नरासाठी "दोन्ही वृषण". एक वृषण पोटात अडकलेला असेल आणि तो वेगळा छेद घेऊन काढला असेल, तर तेही लिहून घ्या. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल, परदेशी न्यायचं असेल तर इंग्रजीतच बरं. वाक्य मात्र पूर्ण हवं.

प्रमाणपत्रावरचं मालकाचं नाव आणि परवान्याच्या अर्जावरचं नाव एकच ठेवा. दवाखान्यात कुत्रं मुलीने नेलेलं, अर्ज वडिलांच्या नावाने, आणि खिडकीवर अडलं, हा प्रकार नेहमीचा आहे.

## ऑपरेशनच्या दिवशी करून घ्यायच्या गोष्टी

चिप नसेल तर ती ऑपरेशनच्या आधी किंवा भूल असतानाच बसवून घ्या. आधीच असेल तर टेबलावर घेण्यापूर्वी तुमच्यासमोर स्कॅन करायला सांगा आणि नंबर केसपेपरवर लिहून घ्या. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि तुम्ही सही केलेल्या संमतिपत्राची प्रत मागा. दोन्हींवर तारीख असते आणि पुढे प्रमाणपत्र हरवलं तर हेच कागद उपयोगी पडतात.

काढलेल्या अवयवांचा फोटो मागायला संकोच करू नका. मादीत इंग्रजी वाय अक्षरासारखं गर्भाशय आणि त्याच्या दोन टोकांना एकेक अंडाशय दिसायला हवं. नरात दोन वृषण. ही मागणी विचित्र वाटते, पण भटक्या कुत्र्यांच्या सरकारी कार्यक्रमात, म्हणजे एबीसीमध्ये, काढलेले अवयव जपून ठेवून मोजायचे आणि ऑपरेशनच्या आकड्याशी ताळा जुळवायचा, अशी व्यवस्थाच आहे. घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मोजणारं दुसरं कुणी नसतं.

आणखी एक सोय आपल्याकडे अजून रुळलेली नाही, पण रुळायला हवी. अमेरिकेत अनेक ठिकाणी भूल असतानाच टाक्यांच्या जवळ हिरव्या शाईची एक छोटी रेघ गोंदतात. आयुष्यभर ती पोटावर राहते. केस बाजूला केले की कुठल्याही डॉक्टरला कळतं : हिचं ऑपरेशन झालेलं आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. काहीजण आनंदाने करतात.

टाके काढायला १० ते १४ दिवसांनी जाल तेव्हा प्रमाणपत्र हातात नसेल तर ते तिथेच लिहून घ्या. वर्षभराने गेलात तर मागची वही कुठेतरी गठ्ठ्यात गेलेली असते.

## "गोळ्या दिसत नाहीत, अजून काय पुरावा हवा?"

नराच्या बाबतीत हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप. पिल्लाचे वृषण जन्मानंतर पोटातून खाली उतरतात, साधारण दोन महिन्यांत पिशवीत हाताला लागतात. काहींत एक किंवा दोन्ही उतरतच नाहीत. पोटात किंवा जांघेत अडकून राहतात. दोन्ही अडकले असतील तर बाहेरून कुत्रा नसबंदी झालेल्यासारखाच दिसतो. त्याच्या अंगात टेस्टोस्टेरॉन तयार होत असतं, तो लघवीने खुणा करतो, मादीच्या मागे धावतो. पोटाच्या उष्णतेत बहुधा शुक्राणू तयार होत नाहीत, पण खरी चिंता वेगळी आहे : अडकलेल्या वृषणात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका नेहमीच्या वृषणापेक्षा कितीतरी जास्त असतो. एक अडकलेला आणि एकच काढलेला, ही अवस्था त्याहून फसवी. बाहेरून पिशवी रिकामी, टाक्याची खूणही आहे, आणि आत एक वृषण शिल्लक.

उलटही होतं. ऑपरेशनच्या वेळी मोठ्या वयाच्या नराची पिशवी डॉक्टर बहुधा ठेवतात, फक्त आतले वृषण काढतात. सुरुवातीला सूज असते आणि मालकाला वाटतं काहीच काढलेलं नाही. काही आठवड्यांत ती आक्रसते.

हेही लक्षात ठेवा : ऑपरेशन झाल्याच्या दिवसापासून नर निर्धोक होत नाही. नळ्यांमध्ये आधीचे शुक्राणू काही आठवडे राहू शकतात. महिनाभर तरी त्याला नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवा. या काळात मादी गाभण राहिली तर "सर्टिफिकेट खोटं आहे" असा वाद उभा राहतो, आणि प्रमाणपत्र खरं असतं.

## "पोटावर टाक्यांची खूण आहे ना"

असेल, पण खूण कसली ते खूण सांगत नाही. मादीचं ऑपरेशन बहुधा पोटाच्या मधोमध, बेंबीच्या मागे छेद घेऊन होतं. सिझेरियनचा छेदही तिथेच असतो. गिळलेला चेंडू काढायचा असला तरी छेद तिथेच. एबीसीत काही ठिकाणी कुशीत, बरगड्या संपतात त्याच्या मागे छेद घेतात, त्यामुळे फक्त पोट बघून "खूण नाही" म्हणणंही चूक. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनच्या दोन-तीन खुणा वाटाण्याएवढ्याही नसतात. शिवाय लहान वयात आणि बारीक टाक्यांनी केलेलं काम दोन वर्षांत नजरेला जवळपास दिसेनासं होतं. डॉक्टर केस काढून, कातडी स्पिरिटने ओली करून, ताणून बघतात, तेव्हा पांढरट बारीक रेघ सापडते. कधी तेव्हाही नाही.

## "कान कापलेला आहे"

कानाला व्ही आकाराची खाच हे एबीसीत ऑपरेशन झाल्याचं चिन्ह आहे. मतदानाच्या शाईसारखं ते काम करतं. लांबून कळतं की मत दिलेलं आहे. पण मतदार कोण, हे शाईवरून कळत नाही. रस्त्यावर तेवढंच पुरतं, कारण पुन्हा तेच कुत्रं पकडून भूल द्यायची नाही, हाच तिचा उपयोग. भांडणात फाटलेला कानही खाचेसारखा दिसू शकतो. खाच सरळ कडांची आणि नेमकी असते, फाटलेला कान वेडावाकडा.

असं कुत्रं तुम्ही घरात घेतलं असेल तर ज्या भागातून ते आलं तिथल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे किंवा त्या भागाचं काम करणाऱ्या संस्थेकडे नोंद विचारा. कुत्रं कुठून उचललं, कधी ऑपरेशन झालं, कुठे सोडलं याची वही ठेवलेली असते. ठिकाण, रंग, लिंग आणि अंदाजे महिना सांगितला तर बऱ्याचदा ओळ सापडते. सापडली की तिचा उतारा घ्या, आणि चिप बसवून तुमच्या डॉक्टरांकडून दोन्हींची सांगड घालणारं पत्र घ्या.

## "इतक्या वर्षांत कधी हीटवर आली नाही"

मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, एकेक पाळी सुमारे तीन आठवड्यांची. पण काही माद्या वर्षातून एकदाच येतात, आणि काहींचा माज मुका असतो : रक्तस्राव दिसत नाही, सूज कळत नाही, स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणारी मादी असेल तर फरशीवर थेंबही पडत नाही. घरात दुसरा नर नसेल तर कळायला मार्गच नाही. त्यामुळे दोन वर्षांत माज न दिसणं हा चांगला संकेत आहे, पण पुरावा नव्हे.

याच्या उलट प्रकार जास्त त्रासाचा. प्रमाणपत्र आहे, ऑपरेशन झालेलं आहे, आणि तरी मादी माजावर येते. अंडाशयाचा छोटासा तुकडा आत राहून गेला तर असं होतं. उजवं अंडाशय पोटात खोल असतं, लठ्ठ किंवा खोल छातीच्या मादीत ते वर ओढून काढणं अवघड जातं. हा तुकडा महिने-वर्षं गप्प राहून मग काम करू लागतो. अशा वेळी माजाची लक्षणं दिसत असतानाच डॉक्टरकडे न्या. योनीतल्या पेशींचा नमुना तेव्हाच बोलतो, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी केली की उत्तर पक्कं होतं. आधीच्या डॉक्टरांशी भांडायला जाण्यापूर्वी हे रिपोर्ट हातात असू द्या.

## कागदच नसेल तर कुठून सुरुवात करायची

आधी जुना माग काढा. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे तारीख आणि बिल सांगितलं तर केसपेपरवरून दुय्यम प्रमाणपत्र मिळतं. बिल सापडत नसेल तर बँकेचं खातं किंवा मोबाईलवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज बघा, तारीख तिथे असते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन घालतात, त्या आठवड्यातले तसे फोटो शोधा. गंमत वाटेल, पण पोटावर ताजे टाके दिसणारा फोटो आणि त्याची तारीख डॉक्टरांना खूप मदत करते.

दवाखाना बंद झाला असेल किंवा आधीचा मालक सापडत नसेल, तर पुरावा शरीरातून काढावा लागतो. क्रम असा : चिप स्कॅन, हाताने तपासणी, केस काढून खूण बघणं, मग रक्त.

सोनोग्राफी आधी करून मोकळं व्हावं असं वाटतं. गर्भवती किंवा पू झालेलं गर्भाशय सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं, पण शांत काळातलं अंडाशय लहान असतं आणि आतड्यांच्या गर्दीत हरवतं. "दिसलं नाही" याचा अर्थ "नाही" असा होत नाही. नरात मात्र पोटात अडकलेला वृषण अनुभवी हाताला सापडतो, आणि प्रोस्टेट ग्रंथी लहान झालेली दिसणं हाही चांगला धागा असतो.

रक्तातली सगळ्यात उपयोगी तपासणी एएमएच या संप्रेरकाची. ते फक्त अंडाशयात आणि वृषणात तयार होतं. रक्तात सापडलं तर आत काहीतरी शिल्लक आहे. सापडलं नाही तर बहुधा सगळं काढलेलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात ही तपासणी भरवशाची नाही, आणि ऑपरेशननंतर किमान महिना जाऊ द्यावा लागतो. प्रत्येक शहरात ती होतेच असं नाही, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

दुसरी तपासणी एलएचची, आणि ती समजायला गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट आठवा. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद होतो. मेंदूतून निघणारं एलएच हा पंप, आणि अंडाशयातून किंवा वृषणातून येणारी संप्रेरकं हा फ्लोट. अवयव काढले की फ्लोट गेला, पंप चालूच राहतो. म्हणून नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या रक्तात एलएच कायम जास्त असतं. कमी आलं तर अवयव जागेवर आहेत. जास्त आलं तर एकदा पुन्हा तपासावं लागतं, कारण नसबंदी न झालेल्या मादीतही माजाच्या काळात ते थोडा वेळ उसळतं.

नराचं नुसतं टेस्टोस्टेरॉन एकदा तपासण्यात पैसे घालवू नका. ते दिवसभर खाली-वर होतं आणि धडधाकट नरातही एखाद्या क्षणी अगदी कमी मिळतं. त्याऐवजी एक नमुना, मग उत्तेजन देणारं इंजेक्शन, मग ठरावीक वेळाने दुसरा नमुना, अशी जोडतपासणी करतात. वृषण आत कुठेही असला तरी आकडा वाढतो.

या सगळ्यानंतर डॉक्टर जे पत्र देतील त्यात "मी नसबंदी केली" असं असणार नाही, आणि तसं लिहून मागूही नका. न केलेल्या ऑपरेशनचं प्रमाणपत्र देणं गैर आहे. पत्रात असेल : अमुक चिपच्या कुत्र्याची अमुक तारखेला तपासणी केली, हे सापडलं, हा रिपोर्ट आला, आणि तो नसबंदी झालेल्या प्राण्याशी सुसंगत आहे. परवान्यासाठी किंवा दत्तक देण्यासाठी प्रामाणिक पत्र म्हणून हेच पुढे ठेवा.

## "डॉक्टरांनीच थांबायला सांगितलंय"

हे खरं कारण असू शकतं. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांचे विकार वाढतात, असं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून मोठ्या कुत्र्यासाठी अनेक डॉक्टर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात. हृदयविकार, म्हातारपण, भूल न झेपणारा आजार हीसुद्धा कारणं आहेत. अशा वेळी थांबण्याचं पत्र घ्या : कारण काय, पुन्हा विचार कधी करायचा, आणि तोवर मादीला माजाच्या दिवसांत कसं सांभाळणार. तारीख नसलेलं "अनफिट" पत्र कुणालाच पटत नाही.

## सोसायटी, परवाना आणि परदेश

आपल्याकडच्या महापालिका परवान्यासाठी मुख्यतः रेबीजच्या लसीचा दाखला बघतात. त्यामुळे लस ही पहिली, नसबंदीचा कागद त्याच्या मागून. पण वारं त्या दिशेने आहे : नोएडात २०२२ च्या शेवटी आणलेल्या धोरणात नसबंदी किंवा रेबीजविरोधी लसीकरण न केल्यास महिन्याला २,००० रुपये दंड ठरवला गेला. सोसायटीच्या बाबतीत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची भूमिका स्पष्ट आहे, बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरी कागद दाखवता आला तर जिन्यातली निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

कुत्रं घेऊन न्यूयॉर्कला राहायला जाणाऱ्यांना हा फरक पैशांत दिसेल. तिथे नसबंदी झालेल्या कुत्र्याचा परवाना ८.५० डॉलरला मिळतो, न झालेल्याचा ३४ डॉलरला, आणि कमी दरासाठी पुरावा जोडावा लागतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्येही नोंदणीचा दर असाच बदलतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र तिथे दाखवायचं तर चिप नंबर आणि इंग्रजी मजकूर हवाच.

कागदाच्या खरेपणाची शंका आली तर दोन फोन पुरतात. एक दवाखान्याला, तारीख आणि चिप नंबर सांगून. दुसरा राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारून. तारखेवर खाडाखोड, लिंग चुकलेलं, किंवा ऑपरेशनच्या तारखेला कुत्रं दोन महिन्यांचंही नव्हतं असा हिशेब निघाला, तर तिथेच थांबा.

## रात्री दवाखान्यात

सात-आठ वर्षांची मादी दोन दिवस जेवत नाही, सारखं पाणी पिते, उलट्या करते, निपचित पडते. नसबंदी झालेली नसेल तर डॉक्टरांच्या मनात पहिला विचार गर्भाशयात पू होण्याचा येतो. त्याला पायोमेट्रा म्हणतात. माज संपल्यावर काही आठवड्यांनी हा आजार डोकं वर काढतो आणि गर्भाशयाचं तोंड बंद असलेल्या प्रकारात बाहेर एक थेंबही दिसत नाही. उशीर झाला तर मादी जाते. नसबंदी पूर्ण झालेली असेल तर त्याच लक्षणांसाठी मूत्रपिंड, यकृत, मधुमेह, गोचीडताप यांच्या तपासण्या आधी सुरू होतात. गर्भाशयाचा बुंधा आणि अंडाशयाचा तुकडा राहिला असेल तर त्या बुंध्यातही पू होऊ शकतो, म्हणूनच "पूर्णपणे काढले" हे शब्द महत्त्वाचे.

दत्तक घेतलेल्या, माहिती नसलेल्या मादीचं पोट नसबंदीसाठी उघडावं आणि आत काहीच नसावं, हेही होतं. भूल, छेद, टाके, दहा दिवसांचा कोन, सगळं तिला विनाकारण सोसावं लागतं. आधीच्या घराने एक कागद सोबत दिला असता तर ते टळलं असतं.

म्हणून प्रमाणपत्राचा आणि चिपच्या स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्येही. मूळ कागद लसीच्या पुस्तकाच्या मागच्या पाकिटात, कारण घाईत दवाखान्यात जाताना तेच पुस्तक उचललं जातं.